सणाच्या दिवशीं आलेला पाहुणा

अलीकडे अमरावती-अकोल्याकडील सुशिक्षित कुटुंबांत परदेश पाहून येण्याची हौस वाढली आहे, आणि ती वाढावी असेंच आम्हांस वाटतें. पूर्वी काशी-रामेश्वर झालें कीं प्रवासाची इतिश्री होत असे. आतां बडनेऱ्याच्या स्थानकावर मुंबईची गाडी धरणाऱ्या मंडळींच्या सामानांत पारपत्रेंही असतात. मुंबईहून व्हिएतनाममधील हो ची मिन्ह शहराकडे २०२२ पासून थेट विमानें जाऊं लागलीं, आणि या शहराचें, म्हणजे जुन्या सायगॉनचें, नांव आमच्या दिवाणखान्यांतून महाबळेश्वराइतक्या सहजपणें घेतलें जाऊं लागलें. जग जवळ आलें म्हणतात तें हेंच.

परंतु या प्रवासाहून परतलेल्या मंडळींच्या तोंडून एक तक्रार अधूनमधून ऐकूं येते, आणि तिच्याविषयींच आम्हांस येथें चार शब्द स्पष्टपणें लिहावयाचे आहेत. तक्रार अशी: इतका पैसा खर्चून गेलों, तों शहर बंद! बाजारपेठेचीं दारें लावलेलीं, खाणावळींना कुलुपें, जीं थोडीं दुकानें उघडीं तेथील भाव चढे. आणि विचारावें तर 'तेत आहे' एवढेंच उत्तर. असला कसला हा सण? परका मनुष्य येतो, पैसा आणतो, त्याची कांहीं व्यवस्था नको काय? ही तक्रार करणारे लोक दुष्ट नसतात. बहुधा सज्जन, कुटुंबवत्सल आणि स्वतःच्या घरचे कुळाचार काटेकोरपणें पाळणारे असतात. म्हणूनच ही तक्रार अधिक विचार करण्यासारखी आहे. आमचें म्हणणें असें कीं, ती केवळ उतावळी नसून अन्यायाची आहे. आणि तिचें मूळ सायगॉनांत नसून आमच्याच घरांत आहे.

प्रथम हा तेत म्हणजे काय तें पाहूं. आमच्यापैकीं पुष्कळांच्या कानीं हा शब्द आला तो युद्धाच्या बातम्यांतून. १९६८ च्या जानेवारीअखेर, सणानिमित्त शस्त्रसंधि जाहीर झालेली असतांना, दक्षिण व्हिएतनामांतील अनेक शहरांवर एकदमच हल्ले झाले, आणि दूरदूरच्या देशांत 'तेत' म्हणजे लढाई असा समज होऊन बसला. वस्तुतः तेत हा त्या देशाचा वर्षारंभाचा सण. आमच्या पाडव्याप्रमाणें तोही चंद्राच्या गतीवरून ठरतो; आमच्याप्रमाणेंच तेथेंही मधूनमधून अधिक महिना धरून चंद्रसूर्यांचा मेळ घालतात. म्हणून इंग्रजी तारखेनें तो दरवर्षीं हलतो: २०२५ सालीं तो २९ जानेवारीस आला, २०२६ सालीं १७ फेब्रुवारीस. ही गोष्ट कोणीं कोणापासून लपवून ठेवलेली नाहीं. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त काढतांना जो गृहस्थ चार पंचांगें चाळतो, त्यास दुसऱ्याच्या पंचांगांत एकदां डोकावण्याचें सुचूं नये, याचें मात्र आश्चर्य वाटतें.

या सणाची तयारी पाहिली तर वऱ्हाडांतील गृहिणीला ती परकी वाटणार नाहीं. वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत तेविसाव्या तिथीला चुलीचे देव स्वर्गांत जाऊन घराच्या वर्षभराच्या वर्तनाची हकीकत सांगतात, अशी तेथें समजूत आहे. त्यांस निरोप दिला कीं झाडलोट, रंगसफेती, नवे कपडे, उसनवारीची फेड, सर्व कांहीं वर्ष पालटण्यापूर्वी उरकावयाचें. चिकट तांदूळ, मुगाची डाळ आणि मांस पानांत घट्ट बांधून त्यांचे चौकोनी पुडे तासन्‌तास शिजवीत ठेवतात. दक्षिणेकडे त्यांना लांबट गोल आकार देतात. हे पुडे कांहीं दिवस टिकतात. पहिल्या दिवशीं घर झाडावयाचें नाहीं, नाहीं तर आलेली लक्ष्मी केराबरोबर बाहेर जाते. एवढी सारी खटपट अगोदर करावयाची ती सणाच्या दिवसांत चुलीला आणि हातांना विसांवा मिळावा म्हणून. आमच्या चकल्या, अनारसे आणि करंज्या यांचा डबा दिवाळीपूर्वी भरून ठेवण्यांत दुसरें काय शहाणपण आहे?

आणि सायगॉन हें तर बाहेरून आलेल्यांचें शहर. मेकाँग नदीच्या मुखाकडील भातशेतीच्या मुलखांतून, मध्य भागांतील किनाऱ्यावरून, पोटासाठीं आलेले लक्षावधि लोक तेथें राबतात. वर्षांतून एकदां ते गांवीं जातात, तो हा काळ. आगगाडीचीं आणि बसगाड्यांचीं तिकिटें फार आधींपासून धरावीं लागतात. एरव्हीं दुचाक्यांच्या ज्या लोंढ्यांतून रस्ता ओलांडतांना नवख्याचा जीव मुठींत येतो, तो लोंढा चार दिवस ओसरतो. शहर कांहीं निर्जीव होत नाहीं. गुयेन ह्वे या हमरस्त्यावर २००४ पासून दरवर्षीं फुलांची मोठी आरास मांडतात; पिवळ्या माईच्या फुलांच्या फांद्या दारोदार दिसतात; देवळांत माणूस मावत नाहीं; मुलांच्या हातांत पैशांचीं लाल पाकिटें पडतात. बंद असतें तें दुकान. आमच्या प्रवाशानें त्यावरून शहरच बंद असल्याचा निष्कर्ष काढला, यावरून तो शहरांत काय पाहावयास गेला होता, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

आणखी एक चाल येथें सांगितली पाहिजे. नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळीं घरांत जो मनुष्य प्रथम पाऊल टाकील, त्याच्या गुणांवर आणि दैवावर त्या घराचें वर्ष अवलंबून असतें, अशी तेथील लोकांची श्रद्धा आहे. म्हणून हा पहिला पाहुणा कित्येक घरीं आधींच ठरवून बोलावितात, आणि बोलावणें नसतां त्या सकाळीं दुसऱ्याच्या उंबऱ्यावर चढणें असभ्यपणाचें समजतात. या श्रद्धेंत तथ्य किती, हा प्रश्न वेगळा. पण तिच्यांतला विवेक पाहा: सण हा घराचा असतो, आणि घरांत केव्हां कोण यावें हें ठरविण्याचा अधिकार घरास असतो. आमचा प्रवासी नेमका त्याच सकाळीं, बोलावणें नसतां, एका सबंध शहराच्या उंबऱ्यावर उभा राहतो आणि चहा कोठें आहे म्हणून विचारतो.

यावर आमचे मित्र ताबडतोब 'अतिथि देवो भव' हें वचन पुढें करतील. तें आम्हांसही मान्य आहे. परंतु अतिथि म्हणजे ज्याच्या येण्याची तिथि ठरलेली नाहीं तो. तो येतो तेव्हां घरांत जें असेल तें त्याच्या पानांत पडतें, आणि तो तें समाधानानें खातो. आज अमुकच भाजी कां नाहीं, असें अतिथि विचारीत नाहीं. तें विचारतो गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाचा तो हक्कही आहे, पण दुकान उघडें असेल तेव्हां. आमच्या प्रवाशास मान हवा अतिथीचा आणि हुकूम चालवावयाचा गिऱ्हाइकाचा. हे दोन अधिकार एका माणसाच्या ठिकाणीं एकाच वेळीं राहूं शकत नाहींत. ज्यानें पैसा मोजून सेवा विकत घेतली त्यानें देव होण्याची अपेक्षा सोडावी. ज्यास देव व्हावयाचें आहे त्यानें नैवेद्य मिळेल तेव्हां घ्यावा.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे. प्रवाशांच्या पैशावर ज्या शहरांचें पोट चालतें, त्यांनीं प्रवाशांसाठीं चार माणसें कामावर ठेवण्यास काय हरकत? हरकत नाहीं, आणि तीं ठेवलेलींही असतात. नाहीं तर आमची मंडळी तेथें उपाशीच राहिली असती. प्रश्न किंमतीचा आहे. व्हिएतनामच्या कामगार कायद्यानें, जो २०१९ सालीं मंजूर होऊन २०२१ च्या आरंभीं अंमलांत आला, नोकरींतील कामगारास तेतानिमित्त पांच दिवसांची भरपगारी सुटी दिली आहे. आणि त्या दिवसांत काम करून घ्यावयाचें झाल्यास, सुटीच्या पगाराखेरीज, निदान तिप्पट वेतन द्यावें असें ठरविलें आहे. मग खाणावळीच्या भोजनाचा भाव चढला तर त्याला लूट म्हणावें कीं न्याय म्हणावें? घरची पंगत सोडून जो मुलगा आमच्यापुढें ताट ठेवतो, त्याच्या त्या संध्याकाळची किंमत रोजच्या संध्याकाळइतकीच कशी असेल?

येथवर परदेशाची गोष्ट झाली. आतां आपल्या दाराकडे वळूं, कारण ही संवय आम्हीं विमानांत बसल्यावर लावून घेतलेली नाहीं. ती घरूनच बरोबर नेलेली आहे.

वऱ्हाडांत श्रावण अमावास्येस पोळा होतो. आदल्या संध्याकाळीं बैलांचे खांदे तुपाहळदीनें मळतात आणि दुसऱ्या दिवशींच्या जेवणाचें त्यांस रीतसर आवतण देतात. पोळ्याच्या दिवशीं बैलाच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत. त्यास न्हाऊं घालतात, शिंगें रंगवितात, पाठीवर झूल घालतात, तोरणाखालीं नेतात, पुरणपोळी चारतात. आणि बैल घेऊन दारीं आलेल्या गड्याच्या हातावर बोजारा ठेवतात. कितीही अडला शेतकरी असला तरी त्या दिवशीं गाडी जुंपीत नाहीं, आणि कोणी जुंपावयास सांगितलें तर त्या सांगणाराच्या अकलेची कींव करतो. मुक्या जनावराच्या सुटीविषयीं इतकी कोवळी जाणीव बाळगणारा हा मुलूख. त्याच मुलखांतल्या शहरांत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं भांडीं घासणारी बाई आली नाहीं, तर सुशिक्षित घरांतून काय उद्गार निघतात, तें आम्हीं लिहून दाखविण्याची आवश्यकता नाहीं. तिला आम्ही दिवाळीची साडी देतों, वर महिन्याचा पगार देतों, आणि एवढें दिल्यावर तिनें सणाच्या दिवशीं यावें, उलट अंमळ लवकर यावें, असें मानतों. तिच्याही घरीं लक्ष्मी यावयाची असते. पण ती संध्याकाळीं येते, आणि त्या वेळीं तिची घरधनीण आमच्या मोरीपाशीं बसलेली असते.

दुकानांतील नोकरांची स्थिति याहून बरी नाहीं. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानें व आस्थापना कायद्यानें वर्षाचे सर्व दिवस दुकान उघडें ठेवण्याची मोकळीक दिली, आणि त्याबरोबर कामगारांस वर्षांतून आठ भरपगारी सुट्या दिल्या. त्यांपैकीं चार राष्ट्रीय व राज्याच्या दिनांच्या आणि चार सणांच्या. येथवर ठीक. पण हा कायदा दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठीं केलेला, आणि २०२५ सालीं ही मर्यादा वीसांवर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानें घेतला. आमच्या गांवच्या पेठेंतून एक फेरी मारून पाहावी: कापडाच्या, किराण्याच्या, भांड्यांच्या किती दुकानांत वीस माणसें काम करतात? दोन-तीन पोरें असतात, आणि त्यांचा सण मालकाच्या मर्जीवर व आमच्या खरेदीच्या लहरीवर टांगलेला असतो. नरकचतुर्दशीच्या रात्रीं दहा वाजतां आम्हांस रांगोळीचे रंग आठवतात, म्हणून तीं पोरें उभीं. सायगॉनच्या बंद दारावर रागावणारा गृहस्थ या उघड्या दाराच्याच छायेंत वाढलेला असतो.

यावर कोणी म्हणेल, कायद्याचें जाऊं द्या, लोकांना पैसा हवा असतो, ते आपण होऊन काम करतात. कांहीं जण करतात, हें खरें. ज्यास सणापेक्षां मिळकतीची निकड अधिक आहे त्यास कोणी अडवूं नये. परंतु 'आपण होऊन' या शब्दांचा अर्थ नकार देण्याची मोकळीक असेल तेव्हांच लागतो. ज्या पोरास नाहीं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशीं काम उरेल कीं नाहीं याची शाश्वति नाहीं, त्याच्या होकारास खुषीचा होकार म्हणणें ही आमची सोय आहे.

आणि आम्हांस सणाला घरीं परतण्याची महती ठाऊक नाहीं असें थोडेंच आहे? आज अकोला-अमरावतीच्या कितीएक घरांतील मुलें-मुली पुण्यास शिकतात वा नोकरी करतात. दिवाळीच्या आठवड्यांत तिकडून निघणाऱ्या गाड्यांत उभें राहावयास जागा मिळत नाहीं. खासगी बसगाड्यांनीं एस. टी. च्या भाड्याच्या दीडपटीहून अधिक भाडें घेऊं नये, असें सरकारास २०१८ सालीं ठरवून द्यावें लागलें, यावरून त्या दिवसांतील निकड ध्यानांत येईल. पुण्यांतील खाणावळी दिवाळींत बंद राहतात, तेव्हां मुलगा म्हणतो, 'मेस बंद आहे, मी येतो'. आणि तें बंद दार आम्हांस किती गोड वाटतें! त्या खाणावळीचा आचारी आपल्या गांवीं गेला म्हणून आमचा मुलगा आमच्या पंगतीस बसला. एका घरचा सण दुसऱ्या घराच्या सणाला असा धरून असतो. सायगॉनचा आचारी मेकाँगकडील आपल्या आईकडे गेला, तर त्याच न्यायानें आम्हांस आनंद कां होऊं नये?

दुसऱ्या टोंकाचेही कांहीं लोक आहेत. त्यांना सण बंद नको असतो. त्यांना तो पाहुण्यांपुढें मांडावयाचा असतो. अकोल्याच्या कावड उत्सवाविषयीं असें बोलणें आमच्या कानीं आलें आहे. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारीं शिवभक्त गांधीग्रामास पूर्णेचें पाणी भरतात आणि अठराएक किलोमीटरांची वाट रात्रभर अनवाणी तुडवीत तें जुन्या शहरांतील राजराजेश्वरावर आणून वाहतात. १९४४ च्या सुमारास दुष्काळाच्या सांवटांत ही प्रथा सुरू झाल्याचें सांगतात. त्या दिवशीं अकोल्यांत पाऊल ठेवणाऱ्या परक्या मनुष्याची गैरसोय होतेच: अकोटकडून येणाऱ्या गाड्या आडवाटेनें वळतात, रस्ते अडतात, ढोलांच्या आवाजांत बोललेलें ऐकूं येत नाहीं. कोणी म्हणतो, हें सर्व आटोपशीर करा. कोणी म्हणतो, सज्जे बांधा, तिकिटें लावा, पाहुणे बोलवा. दोघांचीही चूक एकच आहे. खांद्यावर भरणें घेऊन चालणारा तो पोरगा कोणासाठीं चालत नाहीं. त्याच्या वाटेवर आजाऱ्याची गाडी अडूं नये, ढोलानें कोणाचे कान फुटूं नयेत, हें सांगण्याचा अधिकार प्रत्येकास आहे; पण त्यानें आपल्या सोयीनें वा आपल्या करमणुकीसाठीं चालावें, असें सांगण्याचा अधिकार कोणासही नाहीं.

येथें एका गंभीर शंकेचें उत्तर देणें प्राप्त आहे. सणाच्या दाराचा अधिकार घराचा, असें म्हटलें कीं कोणी विचारील, मग अमरावतीच्या अंबादेवीचें दार जेव्हां अस्पृश्य मानलेल्या आमच्याच बांधवांस बंद होतें, आणि १९२७ सालीं त्यासाठीं सत्याग्रहाची हांक द्यावी लागली, तेव्हां दाराच्या आंत असलेल्यांचें म्हणणें बरोबर होतें काय? मुळींच नव्हतें. पण या दोन बंद दारांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. अंबादेवीच्या दाराबाहेर उभा होता तो घरचा मनुष्य; त्यास जन्मावरून बाहेर ठेवलें होतें. आणि आंतले लोक विश्रांति घेत नव्हते, वर्चस्व गाजवीत होते. तेताच्या बंद दारामागें राबणारा मनुष्य वर्षांतून एकदां राबत नाहीं, एवढेंच. पहिलें दार उघडणें हा न्याय होता, आणि दुसरें दार त्याच्या मालकानें स्वतः उघडीपर्यंत थांबणें हाही न्यायच आहे. दोन्हीकडे बाजू घ्यावयाची ती एकाच पक्षाची: ज्यास आजवर कोणीं विचारलें नाहीं त्याची.

रुग्णालयें, आगगाड्या, पाणी, दिवे यांचें काम सणासुदीस थांबूं शकत नाहीं, हें आम्ही जाणतों. तेथें पाळी असावी, मोबदला अधिक असावा, आणि ज्यानें यंदा दिवाळी एस. टी. च्या चाकावर काढली त्यास पुढील वर्षीं ती घरीं मिळावी. पण रोग्याची निकड आणि प्रवाशाचा चहा यांस एकाच पारड्यांत घालूं नये.

तेव्हां आमची सूचना साधी आहे. तेतांत सायगॉनला जावयाचें असेल तर अवश्य जावें; त्या दिवसांत तेथील आकाश निरभ्र असतें आणि रस्ते फुललेले असतात. पण जातांना तिथि पाहून जावें, बरोबर चार दिवसांचा फराळ न्यावा, जें दार उघडें दिसेल तेथें चढा भाव कुरकुर न करितां द्यावा, आणि जें बंद दिसेल त्यावर थाप मारूं नये. आणि हा धडा तेथें जाऊन शिकण्याइतकें तिकीट खर्चण्याची ऐपत नसेल, तर तो येत्या दिवाळींत घरीं बसूनही शिकतां येईल: लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळीं आपलीं भांडीं आपण घासावींत. पोळ्याच्या दिवशीं बैलाला जें आपण देतों, तें माणसाला देण्यास वऱ्हाडी मनुष्यास कोणत्याही परदेशाच्या उदाहरणाची गरज पडूं नये.